पिकअप वाढवणारी डबी

२ मार्च
घाटात साडूंनी मला ओव्हरटेक केलं. हॉर्न वाजवून. मेहुणीने काचेतून हात हलवला. ही तर माझ्या शेजारी बसून बहिणीला उलट हात हलवत होती.
माझी गाडी जुनी आहे, मान्य. पण डिझेल आहे. डिझेलमध्ये दम असतो, तो फक्त बाहेर काढावा लागतो.
वर सासऱ्यांकडे जेवणावर वासना नव्हती. (हिच्या मते दोनदा वाढून घेतलं.) सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन २८ तारखेला, खाली शहरात. त्यांना न्यायचं कुणी यावर चर्चा. मी म्हटलं, माझं चष्म्याचं दुकान आहे, डोळा हा माझा विषय. साडू म्हणाले, गाडी हा माझा विषय. आवाज चढले. शेवटी सासरे वैतागले. "त्या दिवशी सकाळी जो आधी दारात येईल त्याच्या गाडीत बसेन. आता दोघंही गप्प जेवा!"
संकल्प: २८ ला आधी मी.

५ मार्च
सापडली! इंजिनाला जोडायची डबी. व्हिडिओत एक माणूस ती जोडतो, गाडीत बसतो आणि हसतो. पॉवर वाढते, मायलेजही वाढतं. कंपन्या हे आपल्यापासून लपवून ठेवतात. ऑर्डर केली. हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

९ मार्च
पार्सल हिनेच फोडलं. तिला वाटलं दुकानाचा माल.
डबी साबणाच्या वडीएवढी आहे. वजनाला नाहीच. तंत्रज्ञान जितकं पुढचं तितकं हलकं. पुस्तिका वाचली. एका सेन्सरची पिन काढायची, मध्ये डबी जोडायची. मग डबी गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहते की डिझेलचं प्रेशर कमी पडतंय. तो घाबरून जास्त डिझेल सोडतो. झाली पॉवर!
ही म्हणाली, "म्हणजे गाडीशी खोटं बोलायचं."
म्हटलं, खोटं नाही, प्रोत्साहन.

१० मार्च
जोडली. सगळी सकाळ गेली. एक क्लिप तुटली, ती जादाचीच असावी. डबीवर एक ते नऊ आकड्यांचं बटण आहे. सुरुवात दोनपासून करा असं लिहिलंय. केली.
काय पिकअप! पाठ सीटला चिकटली! हिला शेजारी बसवून, दुकानात गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारलं, "आधी बरं होतं की आता?"
"सारखंच."
बटण चारवर नेलं. "आणि आता?"
"सारखंच. आणि सिग्नल लाल आहे."
काही गिऱ्हाइकं अशीच असतात. कुठलीही काच लावा, सारखंच. त्यांच्या नादी न लागता आपणच नंबर ठरवायचा असतो.

१३ मार्च
सहा. आता फरक हिलाही दिसला, कारण मागे काळा धूर येतो. शेजारच्या डेंटिस्टबाईंनाही दिसला. त्यांचे पांढरे कोट वाळत होते. मी समजावलं की इंजिन आतला वर्षानुवर्षांचा कचरा बाहेर टाकतंय, हा डिटॉक्स आहे. त्या म्हणाल्या, छान, मग हे कोट तुम्हीच डिटॉक्स करा.
केले. हाताने.
संकल्प: गाडी उद्यापासून तोंड फिरवून लावायची.

१४ मार्च
गाडी तोंड फिरवून लावली. धूर आमच्याच स्वयंपाकघरात.

१७ मार्च
डिझेल जास्त लागतंय. कारण उघड आहे, मी आनंदाने चालवतोय. हिला समजावलं. ती म्हणाली, आनंद जरा कमी करा.
गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने आवाज ऐकला आणि बॉनेट न उघडताच म्हणाला, जे काय लावलंय ते काढा. न तपासता निदान! मी उद्या गिऱ्हाइकाचा नुसता आवाज ऐकून चष्मा दिला तर? गॅरेज बदलणार.

२१ मार्च
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय. इंजिनाचं छोटं, गोंडस चित्र. पुस्तिकेत त्याबद्दल काही नाही, म्हणजे महत्त्वाचं नसणार. दुकानातून गोल स्टिकर आणला, आम्ही लेन्सवर लावतो तो. बरोब्बर बसला. दिवा गेला.
ही म्हणाली, "गेला नाही, दिसेनासा झाला." डोळ्यांच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगते!

२७ मार्च
उद्या. बटण नऊवर. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'टर्बो' चिकटवलं. छान दिसतंय.
ही मात्र आज हसली नाही. म्हणाली, "अहो, बाबा घाबरलेत. फोनवर दोनदा विचारलं, दुखतं का म्हणून. त्यांचं ऑपरेशन आहे, तुमची शर्यत नाही. ती डबी काढा."
वाईट वाटलं. तिचं बरोबर आहे. म्हटलं, काढतो.
काढणारच आहे. उद्या संध्याकाळी.

२८ मार्च, सकाळ
निघालो! साडूंच्या घरावरून गेलो तेव्हा त्यांची गाडी अजून दारात! मेहुणी आवरत असणार. देव तिचं भलं करो.

२८ मार्च, दुपार. हॉस्पिटल
सासरे आत आहेत. जे घडलं ते शांतपणे लिहून काढतो.
घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गाडी वाघासारखी गेली. दुसऱ्या वळणावर मागचं काही दिसेना. तिसऱ्यावर गाडीने दोन आचके दिले, चालत्या माणसाच्या वेगाने थोडी सरकली आणि बंद पडली. मी म्हटलं, दम खातेय. हिने फोन काढला आणि टोइंगवाल्यांना बोलावलं.
टोइंगचा ट्रक एक बाई चालवतात. दणकट, हसऱ्या. घाटाच्या पायथ्याशीच त्यांचा मुक्काम असतो. त्यांनी गाडी दोरखंडाने ओढून ट्रकच्या पाठीवर चढवली आणि सांगितलं की ट्रक वळवायला घाटमाथ्यापर्यंत जावंच लागेल. ही म्हणाली, "माथ्यावरच आमच्या बाबांचं घर आहे. तिथेच चला."
केबिनमध्ये बसलो. निघालो. आणि मागून हॉर्न! आरशात पाहिलं तर साडू!
घाटाचा रस्ता अरुंद. ट्रक रुंद. साडूंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. हॉर्न, दिवे, सगळं करून पाहिलं. मी बाईंना म्हटलं, ताई, सावकाश चला, घाई नाही. ही आधी माझ्याकडे रागाने बघत होती. मग तोंड पदरात लपवलं. मग तिला हसू आवरेना, तिचं बघून बाईंना आवरेना, आणि सगळा घाट आम्ही तिघं हसत चढलो.
दारात आधी कोण? मी! माझी गाडी! जमिनीपासून जरा वर होती, इतकंच.
साडू म्हणाले, हे धरायचं नाही. सासरे काठी टेकत आले. एका डोळ्याने ट्रक न्याहाळला, वरून खालपर्यंत. "शब्द म्हणजे शब्द. जावईबापू आधी आले." आणि केबिनमध्ये चढून बसले!
केबिनमध्ये जागा तिघांचीच. बाई, सासरे आणि त्यांचा हात धरायला ही. मला साडूंच्या गाडीत मागे बसवलं, मेहुणीच्या पिशव्यांमध्ये. घाट उतरेपर्यंत समोर माझीच गाडी. 'टर्बो' स्वच्छ वाचता येत होतं.
साडूंनी आधी आरशात माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "ती डबी मिळते कुठे?" मेहुणीने ऐकलं. पुढचं लिहीत नाही.

२८ मार्च, संध्याकाळ
ऑपरेशन उत्तम. ही म्हणते, बाबा वाटेत एकदाही घाबरले नाहीत. बाईंनी त्यांना ट्रकचा हॉर्न वाजवू दिला. थोडक्यात, डबीचा फायदाच झाला.

३० मार्च
गाडी गॅरेजमध्ये. जुन्याच. डबी काढली. गॅरेजवाल्याने ती पुसून माझ्या हातात ठेवली, त्याचंच जास्त लागलं.

४ एप्रिल
सासऱ्यांना उद्या डोळा दाखवायला न्यायचंय. सकाळी उत्साहाने फोन केला. म्हटलं, बाबा, गाडी अगदी पहिल्यासारखी झालीय, किती वाजता येऊ?
म्हणाले, गाडी ठरलीय.
मला वाटलं साडूंची. नाही. टोइंगवाल्या बाईंना सासऱ्यांनी स्वतःच फोन केला होता. केबिन उंच आहे, म्हणाले, नव्या डोळ्याने लांबपर्यंत दिसेल.
मी विचारलं, मी पण येऊ का? डोळा हा माझा विषय आहे.
"या ना," म्हणाले. "फक्त पुढे जागा नाही. मागे ट्रकच्या पाठीवर गाडी चढवा आणि तिच्यात बसा."
ही विचारत होती, काय म्हणाले बाबा. म्हटलं, बोलावलंय.