ठाणेदारसाठी भरवलेला कुत्र्यांचा पोळा

प्रिय भाऊ धम्मरत्न,

उमरखेडात सुखानं बसलेल्या तुले, साधनाले आन् पायलले ताईचा भरगच्च जयभीम. तुही कंबर कशी हाये? साधनाचं डोकं दुखणं थांबलं काय? इकडं आम्ही बंदे खुशाल हावो. तुह्या भाऊजींचा टोंगळा दुखते, पण तो काम सांगितल्यावरच दुखते, म्हणून ते दुखणं मी धरत नाई. पत्र काहून लिहून राह्यली म्हणशील, तर फोनवर ताईचं बोलणं जरा लांबलं का तुही रेंज जाते. कागदाची जात नाई.

तर गोष्ट हाये आमच्या कुत्र्याची, ठाणेदारची. (नाव भाऊजींनी ठेवलं. दिवसा झोपते आन् अंधार पडला का गस्त घालते, म्हणून.) शेजारच्या तांड्यावरच्या भुरीबाईनं पिल्लू असताना पदरात घालून आणून देल्लं होतं. लांब टांगा, चिंचोळं तोंड, पोट पाठीले चिकटलेलं. मागच्या साली बोंडअळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली, म्हणून यंदा आम्ही सोयाबीन आन् तूर पेरली, आन् ते खायाले रोही आन् रानडुकरं पाहुण्यासारखे रोज येतात. जागलीले मचाणावर भाऊजी जातात खरे, पण ते घोरतात आन् वावर राखते ठाणेदार. तो नसता तर यंदा वावरात एक झाडही उरलं नसतं, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो.

आन् त्याच ठाणेदारले गावाबाहेर काढाचा ठराव आमच्या सरपंचानं, वामनरावनं मांडला. झालं असं, का तांड्याचं एक कुत्रं वामनरावच्या फटफटीमागं लागलं. चावलं नाई, नुसतं लागलं. पण वामनराव नालीत पडले, पँट मागून फाटली, आन् नेमकी तवाच शाळा सुटली होती. तिसऱ्या दिवशी दवंडी आली : लांब टांगाच्या शिकारी जातीचे कुत्रे गावाच्या हद्दीत दिसले, तर पिंजऱ्यात घालून जंगलात सोडू. ठरावावर हात वर कराले करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ग्रामसभा. माह्या तर डोक्यात झिणझिण्या आल्या. कोणाचं काही बिघडवलं नसताना, कोणत्या आईच्या पोटी जन्मला तेवढ्यावरून त्याले गावाबाहेर ठेवाचं, हे आपल्या घरात कोणी कधी ऐकून घेतलं काय?

मंग मी घरोघर फिरली. म्हणलं, चावते त्याले धरा, जात कायले धरता? कुत्र्यायले सालातून एकदा सुई टोचा, हापशीजवळ पाण्याचं टाकं ठेवा, पोट्ट्यायले गोटे मारू देऊ नका. लोक मान हलवत, चहा पाजत, आन् आपलंच काहीतरी सांगत बसत. शेजारच्या रुपीबाईनं तर विचारलं, का हा कायदा जावयाले लागू होते काय. (तिचा जावई चावत नाई, पण बाकी बंदं करते.) असं फिरून कोणी हात वर करत नाई हे कळलं, तवा मले एक अक्कल सुचली. भाऊजींच्या मते तिथंच सारं बिघडलं.

म्हणलं, शेतीत राबते म्हणून बैलाचा पोळा होते, तर वावर राखते त्याचा काहून नाई? करीच्या दिवशी सभेच्या आंधी आम्ही कुत्र्यांचा पोळा भरवला. बैलायचा उरलेला गेरू त्यायच्या अंगाले चोपडला. शिंगं नाहीत, म्हणून बेगड शेपटीले बांधली. (शेपटीले बांधलेली वस्तू कुत्र्याले दिसते आन् मंग तो दिवसभर तिच्यामागं फिरते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाई.) तांड्यावरून भुरीबाईचा नवरा हरिसिंग डफडं वाजवत आला, मागं सारे तांड्याचे कुत्रे. बैल कसे तोरणाखाली मुकाट्यानं रांगेत उभे राहतात. कुत्र्यायनं एकेक करून तोरणाच्या खांबावर टांग वर केली. पुरणपोळ्या मात्र शिस्तीत खाल्ल्या.

तेवढ्यात सभा सुरू झाली. ग्रामसेवक ठराव वाचून राह्यला, चष्म्यावरून पाहून राह्यला, आन् पुढं सारे लालभडक कुत्रे, कोणता कोणाचा काही पत्ता नाई. वामनरावची बायको कोकिळाबाई आपली स्वीटी घेऊन आलती. पोरानं नागपूरहून आणलेली, पांढरी, झुपकेदार, मांडीवर मावते एवढी. (हौसेनं तिलेही गेरू लावला होता.) ठरावात अशी जात बिनधोक म्हणून लिहिली होती. ग्रामसेवकानं ते वाचलं आन् लोकायले नमुना दाखवाले स्वीटीच्या डोक्यावर हात ठेवला. स्वीटीनं त्याचा अंगठा असा धरला, का दोघा जणायनं सोडवला.

वामनराव म्हणाले, ते जात चावतच नाई. हरिसिंगनं हात जोडून विचारलं, का मंग हिले कोणत्या जंगलात सोडाचं. वामनराव गेरूपेक्षा लाल झाले. तवा कोकिळाबाई उठली. एवढ्या सालात तिचा आवाज मी सभेत पहिल्यांदा ऐकला.

"स्वीटी माही हाये. चावली तो जिम्मा माहा, तिच्या जातीचा नाई. ग्रामसेवक साहेबाले सुई टोचाले मी नेतो."

माह्या डोळ्यात पाणीच आलं रे. सारे हात वर झाले, वामनरावचाही झाला, अर्धा. जुना ठराव रद्द. आता ज्याचं कुत्रं चावंल त्यानं त्या माणसाले स्वतः सुईले न्यावं, जात कोणतीही असो. कुत्र्यायले सुया आन् पाण्याचं टाकंही मंजूर. शेवटचं कलम मी घातलं, का ज्याले कुत्रं चावलं, त्याच्या सुया पुऱ्या होईपर्यंत मालकानं त्या माणसाले घरचं जेवण द्यावं. टाळ्या पडल्या. ठाणेदार वावरात हाये, अंगावरचा गेरू अजून गेला नाई, आन् मले लय समाधान वाटून राह्यलं.

तुही ताई,
कौसल्या

ता. क. काल वामनराव माहं अभिनंदन कराले वावरात आलते. मोठ्या मनाचा माणूस. वाकून ठाणेदारले पुरणपोळी देल्ली, आन् ठाणेदारनं पोळीसोबत हातही धरला. मी तो साबणानं लगेच धुतला. मले वाटलं, आता पिंजरा येते. वामनराव रुमाल बांधत एवढंच म्हणाले, "कौसल्याबाई, कलम आठवते ना?"

ता. क. दुसरं. इथं सुई मिळत नाई, उमरखेडले यावं लागते. सोमवारच्या एसटीनं मी वामनरावले घेऊन तुह्याकडं येऊन राह्यली, सुया पुऱ्या होईपर्यंत तिथंच. कोकिळाबाईही येते, आन् स्वीटी तिच्याबिगर जेवत नाई. साधनाले सांग, वामनरावले तिखट चालत नाई. घरचं जेवण म्हणजे मालकिणीच्या माहेरचं चालते, हे मी ग्रामसेवकाले विचारून घेतलं हाये.