पिवळी ट्यूब

प्रिय ताई,

अक्षरावरून लेक्चर देऊ नकोस, घाणच आहे, वाचून घे. आईने तुला फोनवर सांगितलं असेल, पोरगं आता एकदम मजेत आहे म्हणून. सांगणारच. बाईंनीच तिला तसं सांगितलंय.

बाई म्हणजे दवाखान्यातल्या चित्रांच्या बाई. आम्ही सगळी डोकं बिघडलेली कार्टी दर गुरुवारी त्यांच्यासमोर गोल करून बसतो आणि जे बोलता येत नाही ते रंगवतो. तू मला तिथे घातलंस तेव्हा मी केवढा तमाशा केला होता! आता उलटंच झालंय. बाई म्हणतात, तू बरा झालास, या गुरुवारनंतर आला नाहीस तरी चालेल, तुझी जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊ. का, तर माझी चित्रं पिवळी असतात. पिवळा म्हणजे आनंद, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. अगं, काळा आणि निळा मारामारीतच संपतात. पिवळ्याला आमच्यात कुत्रं विचारत नाही, म्हणून ती ट्यूब कायम भरलेली. भांडायचं कोणी, म्हणून मी ती उचलतो. शिवाय जोक मारणारा मी एकटाच. मी बाईंचं चित्र काढून त्यांच्या अंबाड्यात झाडू खोचला, तर त्याच सगळ्यात जास्त हसल्या.

मागच्या गुरुवारी हिंमत करून बोललो. म्हटलं, बाई, मला सकाळी जागच आली नाही तर बरं होईल, असं रोज वाटतं. तर सगळे फिस्सकन हसले. आमच्यात एक पोरगा म्हणजे कुलूपच आहे, आल्यापासून तोंड उघडलेलं नाही, तोसुद्धा हसला. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. माझी पाठ थोपटून म्हणाल्या, "गुणाचा रे माझा, याला हसवलंस!" आता तो बिचारा पहिल्यांदा हसतोय, त्याच्या तोंडावर कसं सांगू, की हा जोक नव्हता? मीपण दात काढले.

आईला तेच सांगायला गेलो तर म्हणते, "पुरे तुझी नाटकं, मेल्या. आत्ता कुठे मला झोप लागायला लागलीय."

ताई, गुरुवारच्या आत ये. सुट्टी देत नसतील तर अर्जात आजोबांना अजून एकदा मार. मला घरात एकट्याला भीती वाटते, माझीच. बाईंसमोर मी तेच वाक्य परत बोलणार आहे. तू काही बोलायचं नाहीस. नुसती माझ्या शेजारी बस, आणि हसू नकोस.

तुझंच,
माकड