घागर-कळशीच्या उंचीचं दार

मंगळवार, फाल्गुन, १९६२

आधी आला तो आपल्या गावचा सुतार. चार चकरा मारल्या तवा आला. नवं मागचं दारही त्यानं जुन्याएवढंच ठेंगणं बसवलं. म्हटलं, "बापा, डोक्यावर घागर, तिच्यावर कळशी. सुनेले सातवा महिना, वाकताना तोल गेला मंग?"

"वाकून यायचं मावशी, अख्खं गाव वाकते!" म्हणे. पान थुंकला अन् गेला. थकली मी त्याच्यापायी.

दुपारी राळेगावचे मिस्त्री आले, बायकोसंगं. टेकायच्या आधीच विचारलं, "आजी, पाणी कोण भरते?" सुनेले दारापाशी उभं केलं. मिस्त्रीनबाईनं तिच्या डोक्यावर रिकामी घागर ठेवली, तिच्यावर कळशी. मिस्त्रीनं वर चार बोटं सोडून भिंतीवर कोळशानं रेघ मारली. घागर अन् कळशी, दोन्ही मोजली! चाळीस वर्षं मी वाकली, मले कोणी काहून विचारलं नाही? सून हासून राह्यली होती, मले रडू आलं. खुशीचंच, अजून काय.

भिंत वरून फोडून मोठी चौकट बसवतो म्हणाले. शुक्रवारी येतात दोघं. तोवर पाणी मीच भरीन, वाकायची सवय मलेच आहे.