मार्गदर्शक मॅडम तासाला बसतात

सोमवार, ४ ऑगस्ट
खुर्चीहरण! नववीच्या वर्गातली एकमेव धड खुर्ची आज अनुपमा मॅडमनी मागे ओढली आणि तीत बसून माझा संस्कृतचा तास पाहिला. पस्तीस मिनिटं मी उभा. शिक्षकांना मार्गदर्शन करायला त्या सोनपेठहून एसटीनं येतात. वय तीस. माझी नोकरीच चोवीस वर्षांची! "तपासणी नाही सर, सोबत," म्हणाल्या. सासूही पहिल्या दिवशी हेच म्हणते.

मंगळवार, ५ ऑगस्ट
शिक्षकांच्या खोलीत चर्चासत्र. गणिताचे किशनराव — "क्रिकेटच्या कोचला निदान बॉल तरी टाकावा लागतो. ह्या नुसत्या लिहायल्यात!" इतिहासाच्या धुरपताबाई — "लिहू द्या की. माझा तास लेकरंबी ऐकत न्हाईत. कुणीतरी ऐकलं!"

बुधवार, ६ ऑगस्ट
अभिप्राय आला. पस्तीसपैकी एकतीस मिनिटं मीच बोललो. घड्याळ लावलं होतं म्हणे! "घरी ही संधी मिळत नाही," म्हणालो. हसल्या. आकडा काही खोडला नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
आज मुद्दाम मौनव्रत. सुभाषितं मुलांनीच म्हटली. राजेश्री माझा हुकमी एक्का — मानवत तालुक्यात पाठांतराला पहिली. उच्चार असे की ऐकत राहावं! मॅडम तिच्याच बाकावर. मी मनात — लिहा आता!
तास संपल्यावर व्हरांड्यात हळूच म्हणाल्या, "सर, तिचं पुस्तक दुसऱ्याच धड्यावर उघडं होतं. बोट मात्र ओळींवरून फिरत होतं."
"पाठ आहे तिला."
"हो. म्हणून मराठीच्या पुस्तकातली एक ओळ वाच म्हटलं. नुसती हसली."

सोमवार, ११ ऑगस्ट
राजेश्रीला एकटीला बोलावलं. वर्तमानपत्र पुढे ठेवलं. तिनं घडी घालून परत दिलं. मग — "दोनदा ऐकलं की पाठ व्हतंय, सर. वाच म्हणून कुणी म्हणलंच न्हाई."
आठवीपासून माझ्याच वर्गात आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट
एकेकाला जवळ बसवून न पाहिलेला उतारा दिला. चाळीसपैकी सात जणांना वाचता येत नाही. अडखळतात असं नव्हे — येतच नाही.
मॅडम गुरुवारी येणार. सुरुवात कुठून करायची, ते त्यांना विचारायचंय. मला वाचायला शिकवता येत नाही. कधी शिकवलंच नाही. दहावीच्या परीक्षेला दीड वर्ष उरलंय. भीती वाटते.