राखीव छत्रीवरचा लाल दोरा

अण्णा, आज तुमच्यावर लई राग आलाय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. गेलेल्या बापावर रागवू नये म्हणतात, पण घरातली माणसं प्रत्येक गोष्टीला तुमचंच नाव पुढं करतात, मग मी दुसऱ्या कुणावर रागवू? आज खंडेनवमी. सकाळी अंघोळ करून ओसरीत आलो तर भाऊनं पूजा मांडून ठेवलेली. कुदळ, खुरपी, विळे, फवारणीचा पंप, वहिनींची शिलाई मशीन, आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध पाटावर माझ्या पोरीची विमानातून उडी मारायची पॅराशूटची बॅग! काल अख्खा दिवस गुडघे मोडून बसून जिच्यातली राखीव छत्री मी भरली, ती बॅग. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं, नेकनूरच्या बाजारातून आणलेल्या झेंडूची माळ, वरून नारळाचं पाणी शिंपडलेलं. आणि छातीवरच्या पट्ट्याला जी कडी असते ना, ती पट्ट्यासकट आवळून तिला पूजेचा जाड लाल दोरा. वेढ्यावर वेढे आणि वर पक्की गाठ.

ती कडी म्हणजे काय हे ह्या घरात मी किती वेळा सांगितलंय! पाठीवरच्या बॅगेत दोन छत्र्या असतात. रोजची उघडली नाही, किंवा उघडून गुंतली, तर ती अंगापासून तोडून टाकायची आणि ही कडी ओढायची, म्हणजे राखीव उघडते. तिच्यानंतर तिसरं काही नसतं, खाली जमीन असते. अशी कडी माझ्या भावानं पट्ट्याला बांधून टाकली होती, देवाचं नाव घेऊन. माझं डोकंच फिरलं. "ही कडी कुणी बांधली बे?" मी ओरडलो. थोरल्या भावाला 'बे' म्हणालो, वहिनींसमोर, पोरीसमोर.

भाऊ आधी 'बे'वरच अडकला. मग म्हणाला, "कावून वरडायलास? तूच तर बांधलास की काल!"

"मी काय बांधलं?"

"लाल दोरा. माझ्या डोळ्यानं बघितलं म्या. सगळं घडी घालून झाल्यावर हळूच बांधलास. म्हनलं चला, उशिरा का हुईना, गड्याला अक्कल आली, देवाधर्माचं करायला लागला. पर तुझा दोरा लई बारीक हाय. हात लावला की तुटंल. म्हनून म्या जाड बांधला. कपिलधारला देवापाशी जाऊन आनलाय, साधा न्हाई."

आता ह्याला काय म्हणावं, अण्णा! राखीव छत्री भरून झाली की भरणारा माणूस ती बंद ठेवणाऱ्या पिनेला एक बारीक लाल दोरा बांधतो आणि त्यावर शिशाचा ठसा दाबतो. कुणी मधे उघडली नाही एवढीच त्याची खूण. कडी ओढली की तो तुटायलाच पाहिजे, म्हणून तर बारीक असतो. हे मी सांगितलं. भाऊनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुटायलाच पायजे, तर बांधायचा कशापाई?" पोरगी मधे पडली, म्हणाली, "जाऊ द्या ना पप्पा, सुताचा दोरा आहे, जोरात ओढला असता तर तुटला असता." असता! असतावर मी माणूस विमानातून सोडत नाही. कात्री आणली आणि कपिलधारचा दोरा सगळ्यांसमोर कापला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. भाऊ म्हणाला, "अण्णा असते तर असं करायची तुझी छाती झाली नसती." आणि तिथून तुमचं नाव सुरू झालं ते अजून थांबलं नाही.

कारण सुरुवात तुमचीच आहे! फौज सोडून मी परमुलखात उड्या शिकवायच्या क्लबात लागलो, आणि पहिल्यांदा स्वतःची बॅग घेऊन दसऱ्याला घरी आलतो. मला न विचारता तुम्ही ती ट्रॅक्टरच्या शेजारी नेऊन ठेवलीत. मी बाहेर येतो तर तुम्ही ओल्या बोटानं कुंकू लावताय, उदबत्ती बॅगेवर टेकवून ठेवलेली, निखारा कापडापासून बोटभर लांब. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण गल्ली जमा झालती. तुम्ही उठला नाहीत की आवाज चढवला नाहीत. "ज्याच्यावर तुजं पोट हाय त्याला पुजायचं न्हाई, तर कुनाला पुजायचं?" एवढंच म्हणालात. मग मी बॅग सगळी उघडून तुमच्यापुढं पसरली, दोऱ्या सरळ करून दाखवल्या, काय ओढलं की काय होतं ते दाखवलं. तुम्ही उकिडवे बसून बघत होतात. शेवटी विचारलंत, "दुसरी कावून ठिवली?" मी म्हणालो, पहिली दगा देऊ शकते म्हणून. "मंग भरवसा न्हाई म्हन की," म्हणालात आणि उठून गोठ्याकडं गेलात. भरवसा आहे म्हणून उडी मारतो आणि नाही म्हणून दुसरी नेतो, हे माझ्या तोंडात तयार होतं, पण ऐकायला तुम्ही थांबलात कुठं?

बरं, एक तुमचं मी मुकाट्यानं घेतलं, तेही आज सांगून टाकतो. पाटोद्याच्या बाजारात तुम्ही मला सदरा घ्यायचात तो कायम दोन वर्षं पुढचा. बाह्या बोटांखाली लोंबायच्या, पोरं हसायची, मी रडायचो, आणि तुम्ही म्हणायचात, वाढत्या अंगाचं घ्यावं. क्लबात मी आयुष्यभर हेच सांगत आलो. छत्री मोठी घ्या रे! लहान छत्री म्हणजे वेग, जमीन अंगावर येते, आणि चूक सुधारायला वेळ उरत नाही. छत्री अंगावरचं वजन बघून घ्यायची असते, आपण किती उड्या मारल्या त्याच्या मिजाशीवर नाही. नवशिके ऐकतात. ऐकत नाहीत ते शे-दोनशे उड्या मारलेले. त्यांना वाटतं, लहान छत्री म्हणजे मोठा माणूस. माझी पोरगीही त्यातलीच. गेल्या साली इवलीशी छत्री पसंत करून आली. मी म्हणालो, ही घेतलीस तर तुझी राखीव मी भरणार नाही, दुसरा माणूस बघ. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. मग मोठी घेतली, पण तोंड वाकडं करूनच.

आणि सांभाळायचं म्हणाल तर मी गावी परत आल्यापासून ह्या घरात ती बॅग एक दिवस सुखानं राहील तर शपथ. उन्हानं नायलॉन कुजतं म्हणून मी ती आतल्या खोलीत ठेवतो, तर वहिनी दमट वास येतो म्हणून अंगणात नेऊन उन्हात टाकतात. तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका म्हणालो, तर भाऊनं माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली, तिथं उंदरं नाहीत म्हणे. मागच्या सुगीत आभाळ आलं तेव्हा जुनी छत्री सोयाबीनच्या ढिगावर टाकू का म्हणून विचारत होता. अरे बाबा, ती वारा धरती, पाणी धरत नाही! पट्ट्याची शिवण बघावी लागते, घामाचं मीठ पुसावं लागतं, दोऱ्या घासून कुठं केसाळल्यात का ते बोटानं चाचपावं लागतं, आणि भरून झालं की हातातली हत्यारं मोजावी लागतात. एक जरी कमी भरलं तर ते आत राहिलंय असं धरून पुन्हा सगळं उघडायचं. लोकांना वाटतं हा म्हातारा येडा झालाय, दिवसभर चादरीच्या घड्या घालतो.

नारळाचं पाणी आत झिरपलं होतं. म्हणजे कालचं सगळं काम मातीत. ठसा तोडला, छत्री बाहेर काढली, डाग पुसले, आणि आता ती बैठकीत सावलीला पसरलीय, पंखा लावलाय. ती वाळेपर्यंत मी हे लिहीत बसलोय. पुरणाच्या ताटावर बसलो नाही, रागानंच.

मघाशी वहिनी ताट घेऊन इथंच आल्या. छत्रीवर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून आल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "भावजी, जेवून घ्या. आमचं चुकलं. अण्णांनी तुमच्या बॅगंला पुना हात लावला न्हाई, ते आमाला म्हाईत हाय. पर पाट मांडायचे ते."

"कसला पाट?"

"रिकामा. बॅग तुमच्यासंगं तिकडं असायची ना. कुदळीच्या शेजारी पाट मांडायचे, त्या लाकडालाच हळदीकुंकू लावायचे, नारळ त्याच्याम्होरं फोडायचे. कुनी इचारलं तर म्हनायचे, धाकट्याचा हाय. आन दिवे लागेपर्यंत कुनाला उचलू द्यायचे न्हाईत. ह्यांनी आज त्याच पाटावर बॅग ठिवली. म्हनले, पाट भरला एकदाचा."

मला ह्याचाही राग आला, अण्णा. सगळ्यात जास्त ह्याचाच आला. दरसाल दसऱ्याला मी फोन करायचो. तुम्ही पाऊस कसा, पगार कसा, एवढं विचारून फोन भाऊकडं द्यायचात. एका शब्दानं सांगितलं नाहीत. मला वाटत राहिलं, माझं काम तुम्हाला पटलं नाही, त्या दिवसापासून तुम्ही हात झटकले. आणि तुम्ही इकडं रिकाम्या पाटाला कुंकू लावताय! असं कुणी करतं का? बापानं असं करावं का?

जेवलो मग. पुरण गार झालं होतं. भाऊ दारात येऊन बघून गेला, आणि जाताना पंखा एका नंबरनं वाढवून गेला. छत्री वाळत आलीय. आता पुन्हा घड्या घालीन, दोऱ्या सरळ करीन, हत्यारं मोजीन, माझा बारीक दोरा बांधीन. पोरगी उद्या निघते, मी तिच्यासंगं जातोय. आजवर तिच्या प्रत्येक उडीला मी त्याच विमानात होतो. दार उघडायच्या आधी तिची पिन, तिची कडी, तिचे पट्टे शेवटचे बघायचे ते माझ्याच हातांनी. ह्या खेपेला डॉक्टरनं गुडघ्यामुळं माझी उडी बंद केलीय, आणि उडी नाही तर विमानात जागा नाही. वर तिला दुसरं कुणीतरी बघेल.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. विमानाच्या दारात उभं राहून माझे पाय कधी कापले नाहीत, अगदी पहिल्या दिवशीसुद्धा. पण परवा मी खाली मैदानात उभा असणार, मान वर करून, हाताला काही काम नसताना, आणि ते कसं करायचं असतं हे मला येत नाही, अण्णा.