बाहेरून लावलेली कडी

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार याच घरातली आतली खोली, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपणाशिवाय असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे. बाहेर पाहुणे बसले आहेत आणि ते जाईपर्यंत मला खोकायचीसुद्धा परवानगी नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवते, कारण इतर मृत्युपत्रांत तिची गरज पडत नाही. मी जिवंत आहे. बाहेर बसलेल्या बाई माझ्या भाचीच्या होणाऱ्या सासूबाई. त्यांना असे सांगण्यात आले आहे की मी दीड वर्षापूर्वी हृदयाच्या झटक्याने गेले. सांगणारा माझा सख्खा धाकटा भाऊ. पहिल्या खेपेला घरी आल्या तेव्हा त्या बाई आमच्या बैठकीत दोन मिनिटे गप्प उभ्या राहिल्या आणि माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलल्या. दाराआडून मी ते सगळे ऐकले. जिवंतपणी माझ्याबद्दल इतके चांगले कोणी बोलले नव्हते.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मरणार म्हणून केले होते. हे मरत नाही म्हणून करते आहे.

कलम पहिले, घर. हे घर कोणाला देण्याचा मला अधिकार नाही, कारण ते मी आधीच देऊन बसले आहे. आजार कळला तेव्हा फुफ्फुसात पाणी भरले होते आणि डॉक्टरीणबाईंनी भावाला बाजूला घेऊन आठवड्यांची भाषा केली होती. सिगरेट मी जन्मात हातात धरली ती फक्त गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशातून काढून ठेवायला, तरी कॅन्सर फुफ्फुसाचाच निघाला. बिछान्यावर पडूनच मी भावाच्या नावे बक्षीसपत्र केले. वकील म्हणाला, "ताई, निदान मरेपर्यंत राहण्याचा हक्क तरी लिहून घ्या." मी म्हटले, "दोन आठवड्यांसाठी कशाला कागद वाढवता?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बक्षीसपत्र परत घेता येत नाही, असे तोच वकील आता सांगतो.

त्यामुळे माझ्याच घरात मी भावाच्या मर्जीने राहते. भाऊ मर्जी राखतो, हेही लिहिले पाहिजे. जेवण वेळेवर मिळते. भावजय वाईट नाही. "वन्सं, काही हवंय का?" असे रोज विचारते. फक्त दार उघडताना ती माझ्याकडे बस चुकलेल्या माणसाकडे बघावे तशी बघते.

कलम दुसरे, आजार. हा निर्विवाद माझ्या मालकीचा आहे. मी शेवटच्या घटका मोजत असताना माझ्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासत होते. गाठीच्या पेशींत नेमका कुठला दोष आहे, हे हल्ली शोधून काढता येते. तो सापडला, आणि त्याच दोषावर बसणारी गोळी निघालेली होती. डॉक्टरीणबाईंनी मला माझ्या भाषेत समजावले. म्हणाल्या, "ताई, या पेशीत एक काज उघडं राहिलंय, तिथूनच तिला सारखं 'वाढ, वाढ' असं सांगितलं जातं. ही गोळी म्हणजे त्या काजात बसणारं बटण." मी म्हटले, "मग लावा की, वाट कसली बघता?" गोळी सुरू झाली आणि पंधरवड्यात मी उठून बसले, चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून भांडले. घरात आनंद झाला. तोंडे मात्र कशी करावीत हे कोणाला सुचेना, कारण तोपर्यंत पाहुण्यांना मी गेल्याचे कळवून झाले होते.

भाऊ म्हणाला, "अगं, आज ना उद्या व्हायचंच होतं. मी जरा आधी सांगितलं इतकंच. कॅन्सर म्हटलं असतं तर चिमणीचं लग्न मोडलं असतं." मी वेळेवर मेले नाही हा माझा गुन्हा. चिमणी म्हणजे माझी भाची. मुलगा तिने स्वतः पसंत केला आहे, त्याचे नाव निघाले की तिचा चेहरा उजळतो, म्हणून पहिल्या खेपेला मी आपण होऊन आत जाऊन बसले. दुसऱ्या खेपेला सवयीने पाणी प्यायला बाहेर निघाले आणि उंबऱ्यावरूनच मला मागे ओढले. दुसऱ्या दिवशी भावाने ही कडी आणून बसवली. "तुझ्याच सोयीसाठी गं," म्हणाला. एक स्क्रू वाकडा गेला आहे. त्याचे हात कधीच सरळ चालले नाहीत.

मी बरी झालेली नाही, हेही कोणी विसरू नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी ही गाठ. वर्षभर दबून राहिली आणि मग तिने काजच बदलले. स्कॅनमध्ये अजून काही दिसत नव्हते, पण रक्तात गाठीचे बारीक अंश फिरत असतात, त्यांत तो बदल सापडला. आता दुसरी गोळी आहे. ही किती दिवस चालेल, असे विचारले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू, मला माहीत नाही." त्या बाईचे हे मला फार आवडते. पण माझी कोंडी अशी की गोळी सोडली तर मी मरते, आणि घेतली तर जगते ती या खोलीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दवाखान्यात जायच्या दिवशी तेवढी मोकळी हवा मिळते, आणि कॅन्सरच्या दवाखान्यात जायला आनंद होणारी बाई त्यांनी दुसरी पाहिली नसेल.

कलम तिसरे, गाठीचा तुकडा. तो प्रयोगशाळेत मेणात बसवून जपून ठेवला आहे. तो मी डॉक्टरीणबाईंच्या संशोधनाला देते. मी गेल्यावर आतले आणखी जे तुकडे घ्यायचे असतील तेही घ्यावेत आणि ही बया काज कशी बदलते ते शोधून काढावे. पुढच्या बाईला तिसरे बटण तयार मिळेल. माझ्या मालकीची एवढी एकच वस्तू या घराबाहेर आहे आणि तिला कोणी कडी लावलेली नाही.

कलम चौथे. माझी मोठी कातर आमच्या शिवणाच्या दुकानातल्या मास्तरांना द्यावी. त्यांनी माझ्या हाताखाली तीस वर्षे काढली आणि माझी बोलणी खाल्ली. कातरीने कागद कापल्याचे कळले तर मी वर असेन तिथून खाली येईन.

कलम पाचवे, बटणांचा पुठ्ठा. माझ्या कपाटात खाली, जुन्या अस्तरांच्या मागे, शिंपल्याच्या बटणांचा नमुन्याचा पुठ्ठा आहे. तो एका बटणवाल्याने दिला होता. गावोगावच्या दुकानांतून तो नमुने घेऊन फिरे. आमच्या दुकानात तो गरजेपेक्षा जास्त वेळा येई आणि मी गरजेपेक्षा जास्त बटणे घेई. एकदा म्हणाला, "तुमच्या घरी येऊन बोलू का?" मी म्हटले, "या रविवारी." नवा ब्लाउज शिवून बसले. तो आला नाही. रविवारी नाही, पुन्हा दुकानातही नाही. मी त्याला मनात इतक्या शिव्या घातल्या की त्याला परगावी उचक्या लागल्या असतील.

मी मरायला टेकले तेव्हा भाऊ माझ्या उशाशी बसून ढसाढसा रडला आणि म्हणाला, "ताई, तो आला होता गं. मीच त्याला जिन्यातून परत पाठवलं. सांगितलं, आमची आई पोटातल्या गाठीनं गेली, रोग रक्तातच आहे, ताईलाही होणार. तू गेली असतीस तर माझं शिक्षण कोणी केलं असतं?" मला भांडायला श्वास नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटले, "जाऊ दे रे. माफ केलं." आणि मग ती गोळी आली.

ज्याने माझा संसार जिन्यात बुडवला त्याच्या हातचा चहा मी रोज पिते. भांडता येत नाही, कारण माफ करून बसले आहे. घर दिले त्याचे एवढे वाटत नाही, माफी दिली ती जिवाला लागते.

याच दवाखान्यात मला हेही कळले की गाठीतला दोष आईकडून आलेला नाही. तो माझ्याच फुफ्फुसात, मोठेपणी, आपसूक झालेला. डॉक्टरीणबाईंनी माझे रक्तही निराळे तपासून घेतले. म्हणाल्या, "वारशानं येणारे जे दोष आज तपासता येतात, त्यांतला एकही तुमच्यात नाही. तुमच्यामुळे भाचीला काळजीचं कारण नाही." मी म्हटले, "म्हणजे जिन्यात सांगितलं ते खोटं होतं?" त्या म्हणाल्या, "कुठल्या जिन्यात?" मी घरी येऊन भावाला सगळे सांगितले. तो खाली बघत म्हणाला, "ते तुला-मला कळतं गं. लोकांना कोण समजावणार?" तेव्हा मला कळले की हा अजून त्याच जिन्यात उभा आहे, या वेळी स्वतःच्या मुलीला घेऊन.

शिंपल्याची बटणे चिमणीच्या कोटाला लावावीत. लग्न झाले तर लग्नाच्या, मोडले तर कुठल्याही.

कलम सहावे, माफी. दडपणाखाली दिलेले दान टिकत नाही असे ऐकते. मरणाएवढे मोठे दडपण नाही. सबब भावाला दिलेली माफी मी परत घेते. ती माझ्या मालमत्तेत जमा धरावी. ज्या दिवशी तो पाहुण्यांसमोर स्वतःच्या तोंडाने "ही माझी ताई" असे म्हणेल त्या दिवशी ती त्याला मिळेल, मी असले तरी आणि नसले तरी.

कलम सातवे. या खोलीतले शिवणाचे मशीन चिमणीचे. बँकेत असेल त्यातून औषधपाणी भागवून उरेल ते तिचेच.

साक्षीदार दोन लागतात, आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही असे लागतात. चिमणीला मशीन, मास्तरांना कातर. भाऊ-भावजयीला मी जिवंत असल्याचे लिहून द्यायचे नाही. जागा कोरी ठेवते.

आत्ताच मला खोकला आला. उशीत तोंड खुपसले तरी थोडा बाहेर गेलाच. त्या बाईंचा आवाज आला, "आत कोणी आहे का हो?" आणि माझ्या भावाचा, "छे छे. अडगळीची खोली आहे. उंदीर झालेत."

उंदीर. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की माझी गोळी माणसांना देण्याआधी उंदरांना देऊन पाहिली होती. म्हणजे उंदरांचे माझ्यावर उपकारच आहेत. पण उंदराला शिवता येत नाही. इथे लेखन थांबवते.

लेखन पुढे चालू. मधल्या वेळात घडले ते असे. मी मशीनवर बसले, चिंधीचा तुकडा घातला आणि दोन्ही पायांनी मशीन चालवले. जुने आहे, भिंतीसकट वाजते. मग त्या बाई म्हणाल्या, "शिवणकाम करणारे उंदीर मी पहिल्यांदाच ऐकते." कडी सरकल्याचा आवाज झाला. ती चिमणीने काढली. तिच्यामागे तो मुलगा, त्याच्यामागे त्याची आई आणि सगळ्यांच्या मागे कपांचा ट्रे धरून माझा भाऊ.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि वळून भावाला विचारले, "ह्या कोण?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड उघडले आणि मिटले. मग तो ट्रेमधले कप मोजायला लागला.

चिमणी बोलली. "ही माझी आत्या. गेलेली नाही. हिला कॅन्सर आहे, गोळी चालू आहे, आणि हे आम्ही तुमच्यापासून लपवलं. मीसुद्धा." आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडायला लागली.

रोग रक्तातला नाही हे मी त्या बाईंना काज-बटणासकट समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "मला हे एका बैठकीत पचणार नाही. रोगापेक्षा तुमचा उंदीर झाला ते जास्त लागलंय." मुलगा स्टुलावर बसून होता. मी त्याला म्हटले, "साक्षीदार हवेत. यात तुला काही ठेवलेलं नाही, तेव्हा तू चालशील." तो हसला की रडला ते मला नीट दिसले नाही, पण पेन त्याने मागून घेतले.

सही: मृत्युपत्र करणारी, वरीलप्रमाणे, जिवंत.

साक्षीदार पहिला: मृत्युपत्र करणाऱ्या आत्याबाईंनी माझ्यादेखत सही केली. माझ्या कोटाचा डावा खांदा उसवून पुन्हा शिवावा लागेल असेही त्यांनी सांगितले. मी तो इथेच ठेवून जात आहे, म्हणजे न्यायला यावे लागेल. (भाचीचा होणारा नवरा)

साक्षीदार दुसरी: बाई जिवंत आहेत, एवढ्यापुरती माझी सही. लग्नाचे घरी जाऊन बोलू. पहिल्या खेपेला मी दोन मिनिटे उभी राहिले होते ते वाया गेले, याचे मला वाईट वाटत नाही. (मुलाची आई)

स्थळ: आतली खोली, दार उघडे. दिनांक: आजचा रविवार.

ता. क. सह्या झाल्यावर, पाहुणे चपला घालत असताना, भाऊ दाराशी कडीची खटपट करू लागला. नखाने स्क्रू फिरवून पाहिला, मग चमच्याने. बाहेरच्या खोलीतले सगळे खण उघडून झाले. काखेत कळसा नि गावाला वळसा, स्क्रूड्रायव्हर माझ्या मशीनच्या खणात होता, पण मी मूग गिळून बसले. शेवटी त्या दोघांसमोर, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "ताई, स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलायस गं?"

हे कलम सहामध्ये बसते की नाही, ते वकिलाला विचारू नये. अर्धी माफी त्याला आज दिली. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे, आणि ती मागून घ्यायला त्याने फार उशीर करू नये.