पहिलीच्या वर्गातली बोली

गुरुजी, तुम्ही गेलात त्या वर्षी मी नोकरीत नवी होते. आज मालवणजवळच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या वाडीतल्या शाळेत पहिलीला शिकवते. शिक्षणहक्काचा कायदा आला हे तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्या मनातलं सगळं त्यात नाही, पण जवळच्या शाळेत शिकणं हा आता प्रत्येक पोराचा हक्क आहे आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही.

तुमचं वालावलचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. डीएडच्या मुलाखतीची तयारी करायला मी तुमच्याकडे यायची. काकी विळीवर बसून फणसाचे गरे काढतायत, तुम्ही भिंतीला टेकून देश चालवताय. "देशात एकाच प्रकारची शाळा हवी," तुम्ही म्हणता. "कलेक्टरचा मुलगा आणि किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकराचा मुलगा एका बाकावर बसला, की गळकं छप्पर आठवड्यात दुरुस्त होईल." एक शाळा, एक पुस्तक, आणि भाषाही एकच, शुद्ध. मी भारावून ऐकत असे. मग तुम्ही काकींकडे वळून विचारायचात, "गो, च्याय खंय आसा?" आणि त्यात काही विसंगत आहे हे आपल्या दोघांच्याही ध्यानात येत नसे. लहानपणी तुमच्या वर्गात मात्र "माका" म्हटल्याबद्दल तुम्ही मला दुपारभर दाराशी उभं केलं होतं. "घरची बोली घरी ठेवून ये. ती घेऊन मुंबईत कुणी उभं करणार नाही तुला," असं तुम्ही म्हणालात. रागाने नव्हे, काळजीनेच. ती काळजी मी पुढे कितीतरी वर्षं माझ्या वर्गातल्या पोरांवर लादली.

गेल्या वर्षी पहिलीत एक मुलगी आली. बाप होडीवर, आई बाजारात मासे विकणारी. दिवाळी झाली तरी तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मी विचारलं की मान खाली घालायची. तिला समजतच नाही, वेगळ्या शाळेत पाठवा, असं आमचे मुख्याध्यापक म्हणू लागले. आईला बोलावलं, तर ती माशांची पाटी खाली ठेवून उंबऱ्यावर टेकली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, जमणा नाय तर घराक रवांदे तिका. मासे खारवूक माका कोणतरी व्हयोच आसा." तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी तपासणीला आले. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "पावसाळ्यात तुमची होडी कुठे ठेवतात?" ती गप्प. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यापाशी खाली बसले आणि म्हटलं, "पावसात तुमची होडी खंय आसता गो?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जणू हे बोललेलं चालतं का ते तपासत होती. मग म्हणाली, "माडामुळात. बापाशीन वयर माडाच्या पानांची झापां घातल्यान. आत कुत्रेक पिल्लां झाली. आये म्हणता, हात लावू नको." आणि थांबेचना. पिल्लांचे रंग, त्यातलं एक लंगडं, ते रात्री घरात कसं आणलं, सगळं सांगितलं. अधिकारी आमच्याच जिल्ह्यातले, दोडामार्गकडचे. तेही खुर्ची सोडून खाली बसले आणि त्या लंगड्या पिल्लाची चौकशी मालवणीतच करू लागले. वेगळ्या शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन आईला सांगितलं. ती घरात जाऊन पोरीचे केस विंचरायला बसली.

यंदा नव्या कायद्यावर शिक्षकांची तालुक्याला सभा झाली. त्याच अधिकाऱ्यांनी मला बोलायला उभं केलं. तुमचं एका बाकाचं म्हणणं मी जसंच्या तसं मांडलं, छपरासकट, आणि लोक हसले, मग टाळ्याही वाजल्या. पुढे मी म्हटलं की त्या बाकावर पोर आपली बोली घेऊन बसलं पाहिजे. पहिली दोन वर्षं घरच्या भाषेत, मग तिथूनच हात धरून मराठीत. हे कोकणातच नव्हे, देशभर व्हावं. एक निवृत्त गुरुजी उठले आणि शुद्ध मराठी मग कोण शिकवणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मीच शिकवीन. पण आधी तिका बोलांदे." देश काही बदलला नाही. आमच्या शाळेपुरती मात्र बोलीतून शिकवायची तोंडी परवानगी मिळाली. ती मुलगी आता दुसरीत आहे, मराठी वाचते, आणि वर्गात इतकी बडबडते की तिला गप्प करावं लागतं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले तेव्हा कळलं, किती वर्षांनी माझे खांदे सैल झाले होते.

हे काकींना वालावलला जाऊन वाचून दाखवावं असं मनात होतं. नाही दाखवणार. त्या मला ओळखतात, लगेच विचारतील, "ह्यांची आठवण झाली काय गो सभेत?" झाली. उठण्याआधी मी सभागृहातल्या पहिल्या रांगेवर नजर फिरवली, आणि तिथे तुम्ही नाही हे पाहून मला हायसं वाटलं.